अल्काईन गेले कुठे आणि नॅफ्थीन आले कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.एस्सी. केमिस्ट्री झालंय, एका रिफायनरीच्या लॅबमध्ये ट्रेनी केमिस्टच्या जागेसाठी मुलाखत आहे. कॉलेजात हायड्रोकार्बनचे प्रकार शिकलात ते अल्केन, अल्कीन, अल्काईन आणि अरोमॅटिक. तिथे कामाला असलेला मित्र म्हणतो, आमच्याकडे पॅराफिन, ओलेफिन, नॅफ्थीन आणि अरोमॅटिक. यातलं बरोबर कुठलं, मुलाखतीत कुठलं सांगायचं, आणि बेंझीनमध्ये तीन दुहेरी बंध असताना त्याला ओलेफिन का म्हणत नाहीत?

मी पेट्रोलियम पदार्थांच्या तपासणीत बरीच वर्षं काढली आहेत आणि मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसलो आहे. त्यामुळे आधी हे सांगतो की दोन्ही याद्या बरोबर आहेत. अडचण याद्यांमध्ये नाहीच. आपण हे प्रकार नावांची यादी म्हणून पाठ करतो आणि ते कशावरून पाडले हे विसरतो. रेणू ब्रोमिनशी कसा वागतो, सिलिका जेलला किती चिकटतो, इंजिनात दाबाखाली कधी पेट घेतो, उत्प्रेरकावर त्याचं काय होतं, या वागण्यावरून प्रकार पडले आहेत. ज्याला ज्या वागण्याशी काम, त्याची यादी तशी.

आधी दोन्ही याद्या एकमेकींवर ठेवून बघू. पॅराफिन म्हणजे उघड्या साखळीचे अल्केन, सरळही आणि फांद्यांचेही. ओलेफिन म्हणजे अल्कीन. अरोमॅटिक दोन्हीकडे तेच. नॅफ्थीन म्हणजे सायक्लोअल्केन, कडीच्या (वलयाच्या) आकाराचे अल्केन, उदाहरणार्थ सायक्लोपेंटेन, सायक्लोहेक्झेन आणि त्यांना मिथिल, इथिल वगैरे गट लागून झालेले भाऊबंद. तुमच्या पुस्तकात ते होतेच, फक्त अल्केनच्या धड्याच्या शेवटी एका परिच्छेदात किंवा ‘अॅलिसायक्लिक’ या मथळ्याखाली. रिफायनरीत त्यांना स्वतःचं घर मिळालं, कारण तिथे त्यांच्यावर पैसा उभा असतो. तो कसा, ते पुढे येईल. अल्काईन यादीतून गेले, कारण जमिनीतून निघणाऱ्या क्रूडमध्ये, म्हणजे कच्च्या तेलात, ते जवळजवळ नसतातच.

खरं तर क्रूडमध्ये ओलेफिनही नगण्यच असतात. कोट्यवधी वर्षं खडकांत, उष्णतेत आणि दाबात राहिलेल्या तेलात इतके चळवळे बंध टिकत नाहीत. रिफायनरीत दिसणारे ओलेफिन आपण तयार केलेले असतात. जड तेलाचे रेणू उष्णतेने किंवा उत्प्रेरकाने तोडले, म्हणजे क्रॅकिंग केलं, की तुकड्यांना पुरेल इतका हायड्रोजन नसतो आणि काही ठिकाणी दुहेरी बंध उरतो. याचा लॅबमधला उपयोग बघा. क्रूडच्या थेट ऊर्ध्वपातनातून आलेल्या, आम्ही ज्याला ‘स्ट्रेट रन’ म्हणतो त्या नॅफ्थ्यात, म्हणजे क्रूडच्या हलक्या भागात, ओलेफिन सापडले, तर क्रूडला दोष देण्याआधी कुठली व्हॉल्व्ह गळतेय आणि कुठल्या लाइनमधून क्रॅक केलेला माल मिसळलाय, ते शोधायचं.

आता सूत्रांकडे वळू, कारण बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. अल्केनला हायड्रोजन किती, तर कार्बनच्या दुप्पट अधिक दोन. सहा कार्बन असतील तर चौदा. यापेक्षा हायड्रोजनची जितकी जोडी कमी, तितक्या वेळा रेणूत एकतर कडी तयार झाली आहे किंवा एक जादा बंध आला आहे. सूत्र यापुढे काही सांगत नाही. सी६एच१२ म्हणजे एक जोडी कमी. ते १-हेक्झीन असेल, ओलेफिन, उत्कलनांक सुमारे ६३ अंश. किंवा सायक्लोहेक्झेन असेल, नॅफ्थीन, उत्कलनांक सुमारे ८१ अंश. एक ब्रोमिनचा रंग क्षणात घालवतो, दुसरा ढिम्म बसतो. म्हणून ‘सीएनएच२एन म्हणजे अल्कीन’ हे वाक्य अर्धवट आहे. मुलाखतीत ते बोललात की पुढचा प्रश्न सायक्लोहेक्झेनवरच येणार.

याचं एक उदाहरण मला फार आवडतं. टोमॅटोला लाल करणारं लायकोपीन आणि गाजरातलं बीटा-कॅरोटीन, दोन्ही शुद्ध हायड्रोकार्बन, दोन्हींचं सूत्र सी४०एच५६. चाळीस कार्बनना हायड्रोजन हवेत ब्याऐंशी, आहेत छप्पन्न, म्हणजे तेरा जोड्या कमी. लायकोपीनमध्ये या तेराही जोड्यांची जागा दुहेरी बंधांनी घेतली आहे, साखळी मोकळी. बीटा-कॅरोटीनमध्ये दुहेरी बंध अकरा आणि दोन्ही टोकांना एकेक कडी. हिशेब दोन्हीकडे तेरा. कागदावर हे एकदा स्वतः मांडून बघा, कडी आणि दुहेरी बंध यांचा गोंधळ सुटेल.

हिशेब कागदावर झाला. बाटलीतल्या मिश्रणात काय आहे ते कळायचं कसं? पेट्रोल म्हणजे शेकडो वेगवेगळ्या रेणूंची खिचडी. एकेकाचं सूत्र काढत बसायला वेळ नसतो, टँकर बाहेर उभा असतो. अशा वेळी जी जुनी पद्धत वापरत आलो ती तुम्ही नक्की समजून घ्या, कारण प्रकार म्हणजे काय हे तिच्याइतकं स्पष्ट मला कुणी दाखवलं नाही. तिला एफआयए म्हणतात, फ्लुरोसंट इंडिकेटर अॅडसॉर्प्शन, एएसटीएम या तपासणीच्या पद्धती ठरवणाऱ्या संस्थेच्या यादीत डी १३१९.

जवळजवळ माणसाच्या उंचीची काचेची नळी असते, वर रुंद आणि खाली बारीक होत जाणारी. तिच्यात कोरडं, तापवून सक्रिय केलेलं सिलिका जेल भरायचं, मध्ये एका थरात फ्लुरोसंट रंगांचं मिश्रण मिसळलेलं जेल. वरून पाऊण मिलिलिटर सॅम्पल सोडायचं. त्याच्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतून दाब द्यायचा. अल्कोहोल सिलिकाला सगळ्यात घट्ट चिकटतं, त्यामुळे ते हायड्रोकार्बनना पुढे ढकलत खाली येतं. वाटेत त्यांच्यात वाटणी होते. सिलिकाच्या पृष्ठभागावर ध्रुवीय हायड्रॉक्सिल गट असतात आणि दुहेरी बंधातल्या पाय (π) इलेक्ट्रॉनांकडे त्यांची ओढ असते. अरोमॅटिककडे असे इलेक्ट्रॉन भरपूर, म्हणून ते मागे रेंगाळतात. ओलेफिनकडे एका बंधापुरते, म्हणून ते मध्ये. संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेल्या, रेणूंकडे काहीच नाही, ते सरळ पुढे निघून जातात. खोलीतला दिवा मालवून अतिनील दिवा लावला की अल्कोहोलच्या पुढे निळा पट्टा दिसतो, तो अरोमॅटिकचा. त्याच्यापुढे पिवळा, तो ओलेफिनचा. त्याच्याही पुढे बिनरंगी भाग, तो संपृक्तांचा. पट्टीने तिन्ही लांब्या मोजायच्या, एकूण लांबीला भाग द्यायचा, झाली आकारमानाची टक्केवारी.

या नळीला सूत्रं वाचता येत नाहीत, तिला फक्त ओढ कळते. म्हणूनच तिचे तीन पट्टे आणि पुस्तकातले प्रकार तंतोतंत जुळत नाहीत. नॅफ्थीन आणि पॅराफिन तिला सारखेच, दोघंही संपृक्तांच्या पट्ट्यात. सायक्लोहेक्झीनसारखे कडीवाले अल्कीन ओलेफिनमध्ये जातात. दोन दुहेरी बंधांचे काही डाईन आणि स्टायरीनसारखे रेणू मात्र अरोमॅटिकच्या पट्ट्यात मोजले जातात. पेंटेन आणि त्याहून हलके घटक तर उडूनच जातात, म्हणून सॅम्पल थंड ठेवायचं आणि हलका भाग जास्त असेल तर आधी काढून टाकायचा. रिपोर्टवर ‘अरोमॅटिक ३२ टक्के’ लिहिलेलं असेल तर ते कुठल्या पद्धतीने काढलं, हे विचारल्याशिवाय त्याची दुसऱ्या आकड्याशी तुलना करू नये. नॅफ्थीन वेगळे हवे असतील तर गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. शंभर मीटर लांबीच्या केसासारख्या बारीक कॉलमवर जवळजवळ प्रत्येक रेणूचं शिखर वेगळं मिळतं आणि मग पाहिजे तशी बेरीज करता येते. आज बहुतेक ठिकाणी हेच चालतं. मुलाखत घेणाऱ्यांमध्ये एखादा जुना माणूस असेल तर एफआयएबद्दल नक्की विचारेल.

ओलेफिन मोजायचा दुसरा मार्ग ब्रोमिनचा. कॉलेजात ब्रोमिन वॉटरचा रंग गेला की असंपृक्त, असं लिहून मोकळे झालो असतो. प्रत्यक्षात दोन सापळे आहेत. परीक्षानळीत ब्रोमिन वॉटर घेऊन त्यात हेक्झेन किंवा बेंझीन टाकून हलवलं, तर पाण्याचा रंग जातोच! ब्रोमिनला पाण्यापेक्षा हायड्रोकार्बनमध्ये राहायला आवडतं, ते वरच्या थरात निघून जातं. खालचं पाणी बिनरंगी, वरचा थर नारिंगी. ज्याने फक्त खाली बघितलं तो ‘असंपृक्त’ लिहितो. दोन्ही थर बघायचे. दुसरा सापळा उन्हाचा. ब्रोमिन मिसळलेलं हेक्झेन खिडकीत ठेवलं तर सूर्यप्रकाशात हळूहळू रंग जातो, पण ही समावेशन अभिक्रिया (दुहेरी बंधावर ब्रोमिन जोडलं जाणं) नसून प्रतियोजन (हायड्रोजनची जागा ब्रोमिनने घेणं) असतं आणि नळीच्या तोंडाशी हायड्रोजन ब्रोमाइडचा धूर दिसतो. अंधारात आणि लगेच रंग गेला तरच अल्कीनवर बोट ठेवावं.

लॅबमध्ये हाच गुणधर्म आकड्यात येतो. १०० ग्रॅम सॅम्पल किती ग्रॅम ब्रोमिन खातं, तो ब्रोमिन नंबर. हिशेब करून बघू. १-हेक्झीनचा रेणुभार ८४, ब्रोमिनच्या रेणूचा १६०. एका रेणूला एक रेणू, म्हणजे १०० ग्रॅम हेक्झीन साधारण १९० ग्रॅम ब्रोमिन घेणार. आता एखाद्या सॅम्पलचा ब्रोमिन नंबर १९ आला आणि त्यातलं ओलेफिन सगळं हेक्झीनच आहे असं मानलं, तर ओलेफिन १० टक्के. पण ते ऑक्टीन असेल, रेणुभार ११२, तर शुद्ध ऑक्टीनचा नंबर सुमारे १४३ येतो आणि तेच १९ म्हणजे १३ टक्क्यांच्या वर. आकडा एक, अर्थ दोन. सरासरी रेणुभार माहीत असल्याशिवाय ब्रोमिन नंबरवरून टक्के काढता येत नाहीत, हे मुलाखतीत स्वतःहून सांगितलंत तर समोरचा माणूस पेन खाली ठेवून ऐकेल.

आता बेंझीन. सी६एच६, चार जोड्या कमी. केकुलेने १८६५ साली षट्कोनी कडी सुचवली, तिच्यात एक सोडून एक दुहेरी बंध. एक कडी आणि तीन बंध, मिळून चार, हिशेब जुळला. पण वागणूक जुळत नाही. ब्रोमिन वॉटरला बेंझीन दाद देत नाही, पर्मँगनेटचा जांभळा रंगही घालवत नाही. ब्रोमिनशी अभिक्रिया करायला लोखंडाच्या क्षाराची मदत लागते आणि तेव्हाही बंध तुटून ब्रोमिन आत शिरत नाही, एका हायड्रोजनची जागा घेतं. कडी शाबूत राहते.

का, याचं उत्तर ‘रेझोनन्समुळे’ एवढ्यावर थांबवू नका. आकडे सांगा. सायक्लोहेक्झीनमधल्या एका दुहेरी बंधाला हायड्रोजन दिला की मोलमागे साधारण १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. बेंझीनमध्ये असे तीन खरेखुरे बंध असते तर ३६० पडायला हव्या होत्या. पडतात २०८ च्या आसपास. म्हणजे बेंझीन आपल्या कागदी चित्रापेक्षा दीडशे किलोज्यूल खाली, तितकं जास्त स्थिर बसलेलं आहे. बंधांची लांबीही तेच सांगते. एकेरी कार्बन-कार्बन बंध १५४ पिकोमीटर, दुहेरी १३४, आणि बेंझीनचे सहाही बंध सारखेच, सुमारे १३९. तीन दुहेरी बंध असे तिथे नाहीतच, सहा इलेक्ट्रॉन साऱ्या कडीवर पसरलेले आहेत. ते जोडून ठेवण्यात इतकी ऊर्जा वाचते की समावेशन करून ती व्यवस्था मोडायला रेणू तयार होत नाही. म्हणून बेंझीन ओलेफिनमध्ये बसत नाही आणि सिलिकाच्या नळीतही त्याचा पट्टा वेगळा पडतो.

इथवर आलो तर थोडं मागे वळून बघू. सूत्र फक्त किती हायड्रोजन कमी हे सांगतं. ते कडीमुळे की बंधामुळे, हे ब्रोमिन सांगतं. बंध साधा की अरोमॅटिक, हेही ब्रोमिन आणि सिलिका मिळून सांगतात. मिश्रणातल्या संपृक्तांत कडी आहे की मोकळी साखळी, हे दोघंही सांगत नाहीत, त्याला क्रोमॅटोग्राफी लागते. आणि नेमकी तीच गोष्ट रिफायनरीला का हवी असते, ते आता.

नॅफ्था हा क्रूडमधला हलका भाग. त्याचं करायचं काय, यावर कुठला प्रकार चांगला हे ठरतं. पेट्रोलसाठी ऑक्टेन, म्हणजे इंजिनात वेळेआधी न पेटण्याचं माप, वाढवायचा असेल तर नॅफ्था रिफॉर्मर युनिटमध्ये जातो, प्लॅटिनमचा उत्प्रेरक, ५०० अंशांच्या आसपास तापमान. तिथे मिथिल सायक्लोहेक्झेनने तीन रेणू हायड्रोजन सोडला की टोल्यूईन तयार. षट्कोन आधीच बांधलेला असतो, फक्त हायड्रोजन काढायचा. सरळ हेप्टेनपासून टोल्यूईन करायचं तर आधी कडी बांधावी लागते, ते अवघड आणि खर्चिक. म्हणून रिफॉर्मरवाले नॅफ्थ्याचा भाव ठरवताना ‘एन अधिक दोन ए’ असा आकडा बघतात, नॅफ्थीनची टक्केवारी अधिक अरोमॅटिकची दुप्पट. जितका जास्त, तितका माल चांगला.

तोच नॅफ्था इथिलीन बनवणाऱ्या स्टीम क्रॅकरकडे पाठवला तर गणित उलटं. तिथे आठशे अंशांच्या वर रेणू तोडायचे असतात आणि इथिलीन सगळ्यात जास्त मिळतं ते सरळ साखळीच्या पॅराफिनपासून. अरोमॅटिक कडी तुटत नाही, उलट भट्टीच्या नळ्यांत कोक, म्हणजे कार्बनचा कडक थर, धरायला मदत करते. म्हणजे रिफॉर्मरला जो नॅफ्था सोन्यासारखा, तो क्रॅकरला नकोसा. नागोठण्याच्या क्रॅकरची तर मूळ आखणीच मुंबई हायच्या वायूतल्या इथेन आणि प्रोपेनवर झाली. लहान पॅराफिन, कडीचा प्रश्नच नाही. म्हणून ‘कुठला हायड्रोकार्बन चांगला’ असा प्रश्न मुलाखतीत आला तर पहिलं वाक्य हेच असू द्या: कशासाठी?

पॅराफिनमध्येही सगळे सारखे नाहीत, आणि ही गोष्ट पुस्तकात फारच थोडक्यात येते. ऑक्टेन मोजपट्टीवर सरळ हेप्टेन शून्यावर ठेवलं आहे आणि आयसोऑक्टेन, म्हणजे २,२,४-ट्रायमिथिलपेंटेन, शंभरावर. सरळ पेंटेनचा ऑक्टेन साधारण ६२, एक फांदी फुटलेल्या आयसोपेंटेनचा ९२. सूत्र तेच, कार्बन तितकेच. सरळ हेक्झेन जेमतेम २५, सायक्लोहेक्झेन ८३ च्या आसपास, बेंझीन शंभराच्या वर. सरळ साखळी इंजिनात दाबाखाली स्वतःहून पेट घेते, ठिणगीची वाट बघत नाही, त्यालाच आपण इंजिन ‘नॉक’ करतंय म्हणतो.

डिझेलला मात्र हाच आपोआप पेटण्याचा गुण हवा असतो. त्याची सीटेन मोजपट्टी सोळा कार्बनच्या सरळ साखळीला शंभर देते, आणि बीएस-६ या भारतीय प्रदूषण मानकाच्या डिझेलला किमान ५१ लागतो. अरोमॅटिक इथे बदनाम. सरळ साखळीचा तोटा थंडीत दिसतो. ती ओळीने रचली जाते आणि मेणासारखी गोठते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल काढलं, ते यासाठीच. मुंबईत हा प्रश्न कधी येत नाही, पण मुंबई हायच्या क्रूडमध्ये मेण बरंच असतं आणि ते हाताळणाऱ्यांना पॅराफिनचं हे रूप चांगलं ठाऊक असतं.

पेट्रोलमध्ये अरोमॅटिकने ऑक्टेन वाढतो तर मग ते भरपूर का घालत नाहीत? कारण मर्यादा आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मध्ये साध्या पेट्रोलला बेंझीन जास्तीत जास्त १ टक्का, एकूण अरोमॅटिक ३५ टक्के आणि ओलेफिन २१ टक्के. बेंझीन रक्ताच्या कर्करोगाला कारण होतं. जड अरोमॅटिक जळताना काजळी जास्त धरतात. ओलेफिनचा ऑक्टेन बरा असतो, पण साठवणीत ते हवेतल्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करून डिंकासारखा चिकट थर तयार करतात. तुमच्या लॅबमध्ये रोज येणाऱ्या सॅम्पलवर हेच आकडे तपासायचे असतील, म्हणून पाठ करायचं असेल तर हे पाठ करा.

आता अल्काईन, ज्यांना आपण दारातच सोडून आलो होतो. ते क्रूडमध्ये नाहीत, पण स्टीम क्रॅकरच्या भट्टीत थोडे तयार होतात. इथिलीनमध्ये अॅसिटिलीन दहा लाखांत काही भाग जरी राहिलं तरी पुढे पॉलिथिलीन बनवणारा उत्प्रेरक बिघडतो. म्हणून पॅलेडियमच्या उत्प्रेरकावर अगदी मोजका हायड्रोजन देऊन तिहेरी बंधाचा दुहेरी करतात आणि तिथेच थांबवतात. जास्त दिला तर इथिलीनचंच इथेन होतं आणि माल वाया जातो. म्हणजे पेट्रोकेमिकल लॅबमध्ये अल्काईन हा प्रकार अगदी जिवंत आहे, फक्त टक्क्यांत मोजायचा नसून दहा लाखांत मोजायचा.

बाहेरच्या जगात अॅसिटिलीन तुम्ही वेल्डिंगच्या दुकानात बघितलंच असेल, मरून रंगाचा सिलिंडर. त्यात ते नुसतं दाबून भरलेलं नसतं. सच्छिद्र पदार्थात मुरवलेल्या अॅसिटोनमध्ये विरघळवलेलं असतं, कारण मोकळं अॅसिटिलीन जास्त दाबाखाली हवा नसतानाही स्फोटाने फुटू शकतं. तिहेरी बंधात एवढी ऊर्जा साठलेली असते. त्याच्या लाइनला तांब्याची नळीही लावत नाहीत, तांब्याशी बनणारं अॅसिटिलाइड ठोकलं तरी उडतं. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की हाच वायू निघतो. तो इथिलीनची नक्कल करत फळं पिकवतो, म्हणून आंब्याच्या मोसमात कार्बाइडची पुडी पेटीत ठेवायचे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, त्यामुळे त्यावर बंदी आहे. इथिलीन वायू मात्र ठरलेल्या मर्यादेत वापरता येतो.

एक छोटी गोष्ट, कारण मुलाखतीत यावर मुलं हमखास अडखळतात. नॅफ्था हा मिश्रणाचा भाग आहे, ठरावीक तापमानात उकळणारा. नॅफ्थीन म्हणजे संपृक्त कडीचा प्रकार. नॅफ्थलीन, म्हणजे कपड्यांत ठेवायची डांबरगोळी, ही दोन कड्या जोडलेली अरोमॅटिक. तिन्हींची नावं एकाच घरातली वाटली तरी रेणू वेगवेगळे आहेत.

मुलाखतीत कुठली यादी सांगायची, तर दोन्ही, आणि त्यांचा मेळ कसा बसतो तेही. पण त्याआधी त्या रिफायनरीत कुठली युनिट्स आहेत ते मित्राला विचारून घ्या. रिफॉर्मर असेल तर नॅफ्थीन आणि ‘एन अधिक दोन ए’ वर प्रश्न येतील. एफसीसी, म्हणजे उत्प्रेरकी क्रॅकर असेल तर ओलेफिन, ब्रोमिन नंबर आणि डिंक. शेजारी इथिलीनचा कारखाना असेल तर अॅसिटिलीन. विमानाच्या इंधनावर काम असेल तर ज्योत काजळी धरायच्या आधी किती मिलिमीटर उंच जाते, तो स्मोक पॉइंट आणि त्यामागचे अरोमॅटिक.

सुरक्षेवर एखादा प्रश्न येणारच. ‘अरोमॅटिक विषारी’ असं सरसकट उत्तर देऊ नका. बेंझीन आणि टोल्यूईन दोन्ही अरोमॅटिक, पण टोल्यूईनला मिथिल गट आहे. शरीर त्याचं बेंझॉइक आम्ल आणि मग हिप्युरिक आम्ल करून मूत्रावाटे बाहेर टाकू शकतं. बेंझीनला अशी सोपी वाट नाही, म्हणून जिथे चालतं तिथे बेंझीनऐवजी टोल्यूईन वापरतात. आणि ज्याला आपण निरुपद्रवी म्हणून सोडून देतो त्या अल्केनमध्ये सरळ हेक्झेन असा आहे की त्याच्या वाफा सतत घेतल्या तर हातापायांच्या नसा बधिर होतात. त्याचे फांदीवाले भाऊ तितके वाईट नाहीत. लॅबमध्ये हात पेट्रोलने धुणारी माणसं अजून सापडतात. तुम्ही पहिल्या दिवसापासून हातमोजे घाला आणि फ्यूम हूडचा पंखा चालू आहे ना, ते बघून मगच बाटली उघडा.